लग्नाच्या कॅसेटचं शेपूट

चंदना,

तुझ्यावर लिहिणार म्हटल्यावर तू म्हणालीस, "माझ्यात काय आहे लिहिण्यासारखं, बाई? भाकऱ्या थापल्या, दुकान बघितलं, टीव्हीवर डोळे बांधून बसले." अगं, डोळे बांधून बसलीस तेच लिहायचं आहे. तू नको नको म्हणत राहणार आणि त्यात आपलं दोघींचं आयुष्य संपणार, म्हणून परवानगी मागत बसत नाही. पानोपानी मी-मी करणारे लेख मला वाचवत नाहीत, तेव्हा यात मीसुद्धा श्यामला या नावानंच येईन, तेही गरज पडेल तेवढंच. वाचताना चूक सापडली तर पेन्सिलीनं खूण कर. लगेच फोन करून गळा काढू नकोस.

चंदना मगदूम पहिल्यांदा डोळ्यांवर पट्टी बांधून कॅमेऱ्यासमोर बसली, तेव्हा तिला वाटलं, आपण एकेक पायरी विहिरीत उतरतो आहोत. लक्ष्मीपुरीतला गोंधळ तसाच चालू होता. ट्रकचे हॉर्न, हमालांच्या आरोळ्या, पोतं आपटल्याचा धप्प आवाज. पण ते सगळं पाण्याच्या वर राहिलं आणि ती खाली गेली. खाली गार होतं, आणि त्या गारव्यात एक अनोळखी माणूस घसा खाकरत बसला होता.

ही गोष्ट नव्वदीच्या मध्यातली. मगदुमांचं धान्याचं दुकान रस्त्याला लागून, मागं राहतं घर, आणि दुकानाच्या माळ्यावर धनपालचा केबलचा कारभार. धनपाल म्हणजे चंदनाचा नवरा. वडिलांनी त्याला ज्वारी-गव्हात बसवला होता, पण त्याची नजर कायम गच्चीवरच्या छत्रीकडं. आसपासच्या पेठांत त्यानं तारा ओढल्या, सिनेमे लावले, कुस्त्या दाखवल्या, हरवलेल्या म्हशींच्या जाहिराती दाखवल्या. तरी त्याला वाटायचं, आपलं स्वतःचं असं काहीतरी पडद्यावर यायला पाहिजे.

ते काहीतरी श्यामलानं सुचवलं. श्यामला कॉलेजात इतिहास शिकवायची. टीव्हीवर चित्राऐवजी मुंग्याच दिसतात म्हणून ती भांडायला माळ्यावर चढली होती. भांडून झालं, चहा आला, आणि बोलता बोलता तिनं सांगितलं की अमेरिकेत टीव्ही नवा होता तेव्हा एक खेळ वर्षानुवर्षं चालला. चार शहाणी माणसं एका ओळीत बसायची. एक पाहुणा यायचा, फळ्यावर सही करायचा. तो पोटासाठी काय करतो ते प्रश्न विचारून ओळखायचं, आणि त्यानं फक्त हो किंवा नाही म्हणायचं. एखादा नामांकित माणूस आला तर चौघांच्या डोळ्यांवर पट्ट्या चढवायच्या. बस्, इतकंच. लोक जेवण टाकून बघायचे.

धनपालनं चहाचा कप खाली ठेवला. "फक्त व्हय किंवा न्हाय?"

"फक्त."

"कोल्हापुरात? जमायचं न्हाय बाई. हितला माणूस नुसतं व्हय म्हणून गप बसतोय होय?"

पण पुढच्याच आठवड्यात माळ्याच्या भिंतींना गाद्या टेकवल्या गेल्या, आवाज घुमू नये म्हणून. गल्लीतल्या शाळेतून फळा आला. नृसिंह नावाचा लग्नाची शूटिंग करणारा मित्र कॅमेरा घेऊन आला. खेळाला नाव मिळालं 'कोण पावणं?' आणि नियम गावाला मानवतील तसे वाकवले गेले. पट्टी नामांकितांपुरती ठेवून चालणार नव्हतं, कारण चेहरा दिसला की कुणीतरी कुणाचा तरी साडू निघायचाच. म्हणून चौघांनीही प्रत्येक वेळी डोळे बांधायचे ठरलं. पाहुण्याच्या मागं फळ्यावर त्याचं नाव आणि काम लिहिलेलं, ते घरच्या प्रेक्षकांना दिसायचं. प्रत्येक 'न्हाय'ला पाहुण्यापुढच्या ताटलीत गुळाचा एक खडा पडायचा. ताटली भरली की पाहुणा जिंकला, अख्खी ढेप घेऊन घरी.

पहिला पाहुणा बिद्रीच्या बाजूचा, साखर कारखान्यात रस आटवणारा. पॅनेलवरच्या हंबीरराव वकिलांनी कोर्टातल्या आवाजात विचारलं, "आपण हातानं काम करता?"

"हातानं न्हाय तर काय पायानं? सगळी बॉयलरवर पाय देऊन बसतील व्हय?"

खेळ तिथंच संपला. धनपाल कपाळाला हात लावून हसत राहिला. नंतर त्यानं पाहुण्यांना आधी बसवून तालीम द्यायला सुरुवात केली, तरी पॅनेलला तालीम द्यायची राहिली. हंबीररावांना गाव विचारायला मनाई होती, तर ते म्हणायचे, "बरं, गाव नको. मामा कुठले तेवढं सांगा." एकदा त्यातून पाहुणा वकिलांच्या वहिनीच्या माहेरचा निघाला. मग वकिलांनी पट्टी सोडली, दोघांनी गळाभेट घेतली, आणि कॅमेरा तसाच चालू राहिला.

हंबीररावांच्या आणि श्यामलाच्या शेजारी एक मास्तर बसायचे, आणि चौथ्या खुर्चीवर सापडेल तो. एका दुपारी चौथं कुणी सापडलंच नाही. धनपाल जिना उतरून स्वयंपाकघरात आला आणि चंदनाला म्हणाला, "अगं, वर ये जरा. नुसतं बसायचंय."

चंदनाच्या हाताला पीठ होतं. तिनं सासूकडं बघितलं. सासूला सगळे आत्याबाई म्हणत. आत्याबाई तांदळातले खडे वेचता वेचता म्हणाल्या, "जाऊ दे तिला. पण दिवस मावळायच्या आत जेवणं उरकली पाहिजेत. तुझ्या टीव्हीसाठी सूर्य थांबायचा नाही." मगदुमांच्या जैन घरात अंधार पडल्यावर कुणी तोंडात घास घालत नसे. तेव्हापासून 'कोण पावणं?'चं शूटिंग कायम दुपारी झालं, चंदनाच्या चुलीच्या सोयीनं.

आणि त्या विहिरीत उतरल्यावर चंदनाला कळलं, आपल्याला इथं सगळं दिसतं.

ती विचार करत नसे. हंबीरराव उलटतपासणी घ्यायचे, श्यामला वर्गवारी करायची: शेती की व्यापार, सरकारी की खाजगी. चंदना नुसती आवाजापाशी जाऊन उभी राहायची. एखादा 'व्हय' ओरडून यायचा, मग तिला आजूबाजूला पट्टा फिरताना ऐकू यायचा, पिठाचा पांढरा धूर दिसायचा, आणि ती म्हणायची, "गिरणी." एखाद्याचा 'न्हाय' जमिनीकडं बघून आलेला असायचा, मग वाफे दिसायचे, रोपं दिसायची. वारणानगरचा एक पाहुणा इतका हळू बोलत होता की शेजारी कुणीतरी झोपलं असावं. चंदना त्याच्यामागून एका लांबलचक उबदार खोलीत गेली. पिवळा उजेड, फळ्यांवर फळ्या, आणि सगळीकडं काहीतरी अजून जागं न झालेलं. तिला कळलं. पण तिनं ओठ मिटून घेतले.

"बोला चंदनाबाई," धनपाल म्हणाला. तो सूत्रधार होता.

"तुम्ही ज्याला ऊब देता," ती म्हणाली, "ते आमच्या घरात येत नाही."

पाहुणा कोंबड्यांची अंडी उबवायच्या केंद्रात होता. हंबीररावांनी टेबल बडवलं. "असं चालायचं न्हाय! नाव घ्या, नाव!" धनपालनं उत्तर मान्य केलं. भाजी मंडईत मग बायका तिला अडवायला लागल्या: "बाई, डोळं झाकून सांगा बघू, ह्ये वांगं किडकं हाय का न्हाय."

पण चंदनाला त्या माळ्याची ओढ लागली ती मंडईतल्या कौतुकासाठी नव्हे. घरात धनपाल तिला 'अगं' म्हणायचा. ती त्याला 'अहो' आणि इतरांशी बोलताना 'हे'. आत्याबाईंच्या घरात बाईनं नवऱ्याचं नाव उच्चारायची रीत नव्हती, आणि नवऱ्यानंही बायकोशी चारचौघांत दोन वाक्यांवर तिसरं बोललेलं दिसत नसे. तो पहाटे खांबावरच्या तारा बघायला जायचा, रात्री कुणाच्या घरी चित्र गेलं म्हणून जायचा. एकाच घरात राहून दोघांचं बोलणं म्हणजे भाजी आणि पोराची शाळा. माळ्यावर मात्र तो तिला चंदनाबाई म्हणायचा. तिच्या नावाला त्याचा आवाज लागायचा. पट्टीआड ती त्याची वाट बघायची, पाहुण्याची नव्हे.

खेळ काही वर्षं चालला आणि मग सगळ्यांचं जसं झालं तसं त्याचंही झालं. मोठी कंपनी आली, शहरातल्या छोट्या केबलवाल्यांच्या लाइनी एकेक करून तिच्याकडं गेल्या. धनपालनं कागदांवर सह्या केल्या आणि म्हणाला, एक शेवटचा भाग करू. दाखवायला जमलं तर दाखवू.

शेवटच्या भागात हंबीरराव सूत्रधार झाले. धनपालला कुठंतरी जायचंय, असं त्यांनी सांगितलं. चंदना, श्यामला आणि ते मास्तर, तिघांनी पट्ट्या बांधल्या. जिन्यावर पावलं वाजली. पाहुणा येऊन बसला.

"आपण लोकांच्या घरात जाता का?" मास्तरांनी विचारलं.

पाहुण्यानं उत्तर देण्याआधी नाकानं एक छोटा श्वास घेतला. मग लहान पोरासारख्या चिरक्या आवाजात म्हणाला, "व्हय."

चंदनाला तो श्वास ठाऊक होता. उशीशेजारचा होता तो. ती विहिरीच्या तळाशी पोहोचली आणि तिथं तिचा नवरा बसला होता.

तिनं लगेच नाव सांगायला हवं होतं. पण नाव सांगायचं म्हणजे धनपाल म्हणायचं, आणि माळ्यावरचा माईक खाली दुकानातल्या स्पीकरला जोडलेला होता. आत्याबाई गल्ल्याशेजारी बसून प्रत्येक भाग ऐकत. हे एक. दुसरं असं की तिची पाळी आली होती आणि तिच्यासमोर तो बसला होता, आणि नियमानं त्याला उठून जाता येत नव्हतं.

"तुम्हाला तुमचं काम आवडतं?" तिनं विचारलं.

"व्हय."

"कामापायी घरचं माणूस विसरायला होतं?"

"न्हाय." ताटलीत खडा पडला.

श्यामला कुजबुजली, "काय विचारतेस हे? धंदा विचार."

चंदनानं ऐकलंच नाही. खाली कुणीतरी पोती मोजत होतं, तो आवाज खूप दुरून, गावाबाहेरून आल्यासारखा येत होता. "घरच्या माणसाला कधी गावाबाहेर फिरायला नेलंत?"

हंबीरराव खदखदून हसले. पाहुण्याच्या चिरक्या आवाजातलं चिरकेपण जरा निसटलं. "न्हाय."

"न्यायचं मनात आहे?"

"व्हय."

"चंदनाबाई, ताटली भरत आलीय," हंबीरराव म्हणाले. "एकच खडा बाकी. सांगा आता, कोण पावणं?"

चंदनाच्या ओठांपर्यंत नाव आलं होतं. खाली आत्याबाई ऐकत होत्या. "पोस्टमन," ती म्हणाली.

"न्हाय!"

पट्ट्या सुटल्या. धनपाल समोर बसला होता आणि हसत होता. सगळेच हसत होते. हंबीररावांनी ही गोष्ट कोर्टात सांगितली, मंडळात सांगितली, लग्नांच्या पंगतीत सांगितली: गावाला ओळखणाऱ्या बाईनं स्वतःच्या नवऱ्याला पोस्टमन केलं! खुद्द धनपालही घरी कुणी आलं की म्हणायचा, "हिनं मला कुठं ओळखलं?" हसतच म्हणायचा. पण म्हणायचा.

चंदना दर वेळी पाण्याचा तांब्या घेऊन आत जायची. सांगायला तिला वर्षं पडली होती. आत्याबाई गेल्या, तेव्हा तर अडवणारंही कुणी उरलं नव्हतं. पण इतकी वर्षं चेष्टेत निघालेली गोष्ट एका संध्याकाळी गंभीरपणे कशी सांगायची? उद्या सांगू, असं ती म्हणत राहिली. मग एका सकाळी गच्चीवर छत्रीपाशी धनपालच्या छातीत कळ आली आणि तो राहिला नाही. त्यालाही आता बारा-तेरा वर्षं होतील.

एकच गोष्ट चंदनाच्या मनात रुतून राहिली. आपण त्याला ओळखलं होतं, हे त्याला कळलं होतं का? की बायकोला आपला आवाजही ठाऊक नाही, असं समजूनच तो गेला?

त्याला विचारता येत नव्हतं. त्याचा आवाजही कुठं उरला नव्हता. फोटो भरपूर, पण जो माणूस गावाचं चित्र घराघरात पोचवायचा त्याचं स्वतःचं हलतं-बोलतं चित्र एकही नव्हतं. 'कोण पावणं?'च्या कॅसेटी नृसिंहकडं होत्या. त्याला विचारलं तर तो म्हणाला, "वहिनी, त्या वेळेला कोरी कॅसेट कोन घेतंय? एका भागावर दुसरा भाग, त्याच्यावर लग्न. सगळी लोकांच्या घरात गेली."

मग दोनेक वर्षांपूर्वीची गोष्ट. चंदनाची सून प्राची हिच्या मावशीनं आपल्या लग्नाची जुनी कॅसेट मोबाइलवर करून आणली आणि एका रविवारी टीव्हीला लावली. सगळे हसत होते, तेव्हाच्या केसांना, तेव्हाच्या साड्यांना. पाठवणी झाली. नवरी रडली, गाडी निघाली, धूळ खाली बसली. पडद्यावर पांढऱ्या रेघा आल्या. श्रेयस, म्हणजे चंदनाचा मुलगा, बंद करायला उठला. तेवढ्यात रेघांच्या मागून एक आवाज आला:

"चंदनाबाई, तुमचा प्रश्न."

आणि पुन्हा रेघा.

चंदना खुर्चीवरून उठली आणि उभीच राहिली. श्रेयसनं तो तुकडा पुन्हा लावला, पुन्हा लावला. तेवढंच होतं.

नृसिंहनं उलगडा केला. लग्न कॅसेटीपेक्षा छोटं असलं की मागचं जुनं पुसायचं राहून जायचं. लग्नाच्या शेपटाला खेळाचा तुकडा लटकत राहायचा. म्हणजे त्या वर्षांत नृसिंहनं शूटिंग केलेल्या प्रत्येक लग्नाच्या मागं, नवरी सासरी गेल्यानंतर, पुसायचं राहिलेलं काहीतरी शिल्लक असणार.

चंदनानं श्यामलाला गाठलं. श्यामला रिटायर होऊन युगं लोटली होती, गुडघे गेले होते, जीभ शाबूत होती. दोघी घरोघर जायला लागल्या. लोकांना वाटायचं, म्हाताऱ्यांना लग्नं बघायचा नाद लागलाय. परक्या हॉलमध्ये चहा घेत दोघी अक्षता बघायच्या, पंगती बघायच्या, उखाणे ऐकायच्या, कुणाकुणाचे मेलेले आजोबा फेटा सावरताना बघायच्या, आणि पाठवणी झाली की दोघी पुढं सरकून बसायच्या. शुक्रवार पेठेतल्या एका लग्नामागं नुसती गुळाची ताटली निघाली आणि एक हात. शाहूपुरीतल्या एकामागं चंदनाच होती, तरुण, डोळे बांधलेली, आवाज नसलेली. ती मान कलती करून कुणाचं तरी ऐकत होती आणि हळूहळू तिचा चेहरा उजळत गेला. शेजारी काळ्याभोर केसांची श्यामला दिसली. ती बघून श्यामलाला स्वतःचाच राग आला. "किती शहाणी दिसते ही बया," ती म्हणाली.

चंदनाला ही वर्षं स्वप्नात पोहल्यासारखी वाटत होती. रस्त्यानं जाताना लग्नाचा मांडव दिसला की तिला वाटायचं, याच्या मागच्या अंगाला, स्वयंपाकाच्या भट्ट्यांच्याही पलीकडं, आपला माळा असेल. जिना चढलं की झालं.

पण शेवटचा भाग मिळेना. शेवटी एका दुपारी, डाळ निवडता निवडता, तिनं श्यामलाला सगळं सांगून टाकलं. तो श्वास, ते प्रश्न, तो पोस्टमन.

श्यामलानं चष्मा काढला. "म्हणजे तुला ठाऊक होतं?"

"पहिल्या शब्दाला."

"आणि तू आजवर गप्प? सगळं गाव तुला हसत होतं, मूर्ख बाई! मी पण हसले!"

"आत्याबाई खाली ऐकत होत्या, बाई."

"आत्याबाई जाऊन किती वर्षं झाली? अगं, नंतर तरी त्याला सांगायचंस! एवढं नवऱ्याचं नाव न घ्यायला तू काय पेशवाईतली?"

"मला त्यांचा चेहरा बघायचाय," चंदना म्हणाली. "मी विचारत होते तेव्हाचा. माझे डोळे बांधलेले होते. त्यांना कळलं असेल तर चेहऱ्यावर दिसेल. तेवढंच बघायचंय."

श्यामलानं चष्मा घातला आणि तशीच नृसिंहच्या दुकानात गेली. आता तो झेरॉक्स आणि पासपोर्ट फोटो काढतो. शेवटचा भाग झाला तेव्हा कॅमेऱ्यामागं तोच होता, म्हणून तिनं आधी त्यालाच धारेवर धरलं: धनपालचा चेहरा कसा होता सांग.

"चेहरा?" नृसिंह म्हणाला. "बाई, मी बॅटरी बघत हुतो. बॅटरी संपाय आल्ती."

मात्र ती कॅसेट कुठं गेली ते त्याच्या लक्षात होतं. तो भाग कधी दाखवलाच गेला नाही. दुसऱ्याच आठवड्यात त्याला गडहिंग्लजला लग्न होतं, अमरसिंह नावाच्या नवऱ्याचं, आणि घाईत तीच कॅसेट गेली. ते घर त्याला आठवत होतं, कारण तिथं त्याला तीनदा आग्रह करून जेवायला बसवलं होतं.

नंबर मिळाला. श्यामलानं चंदनाच्या स्वयंपाकघरातून फोन लावला आणि स्पीकर चालू केला. पलीकडं अमरसिंहची आई होती. सगळे तिला आक्का म्हणत.

"कोन बोलतंय? मोट्यानं बोला, मिक्सर चालू हाय!"

श्यामलानं मोठ्यानं सांगितलं: कोल्हापूरहून बोलतोय, अमरसिंहच्या लग्नाची कॅसेट आहे का, आणि तिच्या शेवटी काही आहे का.

"हाय की! आंधळी बाई हाय त्यात."

चंदनाचा हात डाळीत थांबला.

"म्हंजे आंधळी न्हवं, डोळं बांधल्याली," आक्का म्हणाली. "आमच्या नातवंडांनी किती येळा बघितलंय! सुट्टीत आली की आईबापाचं लगीन पळवत न्यायची आनि त्यो शेवट लावायची. मग आपसात खेळायची तसलं. तुमी कोन, त्या टीव्हीवाल्या काय?"

"व्हय," चंदना म्हणाली. तिच्या तोंडून ते अगदी खेळातल्यासारखं आलं. "त्यात एक माणूस आहे ना? उत्तरं देणारा?"

"हाय की. निळ्या शर्टाचा. बारीक आवाज काडतोय बघा मांजरासारका."

"त्याचा चेहरा कसा होता?"

"कसा म्हंजे? चांगला हुता की."

श्यामलाला राहवेना. "अहो, ती बाई प्रश्न विचारते तेव्हा तो कसा बघतो, ते विचारतोय आम्ही!"

"आता असं सरळ इचारा की मग." पलीकडं मिक्सर बंद झाला. "ती बाई इचारती, घरच्या मानसाला कवा फिराय न्हेलंय का. त्यो न्हाय म्हनतो आनि हात जोडतो. तिच्याकडं बघून. तिला काय दिसतंय, ती बसल्या डोळं बांधून. आमच्या पोरांस्नी वाटायचं, ह्यो गंमत करतोय. मी आमच्या मालकास्नी म्हनलं, गंमत न्हवं ही. ह्यो नवरा हाय तिचा आनि तिनं ह्याला वळखलंय, आनि त्ये ह्यालाबी कळलंय."

"कशावरून?" श्यामलानं विचारलं.

"परक्या बाईला न्हाय म्हनल्यावर हात कोन जोडंल वो?"

मगदुमांच्या घरी पर्युषण संपलं की सगळे एकमेकांसमोर उभे राहून हात जोडत, वर्षभरात झालं-गेलं त्याची क्षमा मागत. धनपालनं वडिलांपुढं हात जोडलेले चंदनानं पाहिले होते, आत्याबाईंपुढं, दुकानातल्या हमालांपुढंही. तिच्यापुढं जोडायची पाळी आली की नेमका कुठल्या तरी खांबावर त्याला जायचं असायचं.

"आणि मग?" तिनं विचारलं. "पुढं ती बाई चुकते ना?"

"चुकती? न्हाय बा. ती इचारती, न्यायचं मनात हाय का. त्यो व्हय म्हनतो आनि सपतंच. कॅसेटच सपती. फुडं नुसतं पांढरं." आक्का म्हणाली. "तुमी या की. जेवायलाच या. कॅसेट न्हेवा. हितं आता यंत्रबी न्हाय आनि बघनारंबी कोन न्हाय, पोरं सगळी पुन्याला."

"परत एकदा सांगाल?" चंदना म्हणाली. "हात जोडतात ते."

आक्कानं न कंटाळता परत सांगितलं. या वेळी तिनं शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या होत्या हेही घातलं.

फोन ठेवल्यावर श्यामला उठून उभी राहिली. उद्याच निघू, म्हणाली. तिच्या भाच्याची, राजवीरची, गाडी रिकामी होती. नृसिंहनं बजावलं होतं की इतक्या जुन्या कॅसेटीच्या पट्टीला बुरशी धरते, लावली तर एकदाच चालेल, म्हणून नीट माणसाकडून कॉपी करून घ्यायची; तसा माणूसही तिनं राजारामपुरीत शोधून ठेवला. चंदना म्हणाली, उद्या नको, उपास आहे. मग कारखान्यांचा हंगाम सुरू झाला, रस्ता उसाच्या ट्रॅक्टरनी भरला. मग प्राचीची तपासणी निघाली. मग ऊन.

"तुला यायचंय की नाही?" श्यामलानं एकदा स्पष्टच विचारलं. "फोनवरच्या बाईवर किती विश्वास ठेवायचा? स्वतःच्या डोळ्यांनी बघायला नको?"

"बघायचंय की."

"मग?"

चंदना चपात्या लाटत होती. दिवस कलला होता आणि घरातली जेवणं व्हायची होती. "त्यांनी मला न्यायचं होतं, बाई," ती म्हणाली. "आता मीच त्यांना आणायला जायचं म्हणजे…" पुढं ती हसली, आणि तव्यावरची चपाती उलटली.

श्यामलानं तिला त्या दिवशी पुष्कळ ऐकवलं. गाडी अजून सांगून ठेवलेली आहे. आक्काचा परवाही फोन आला होता. तिनं कॅसेट कपाटातून काढून बाहेरच्या टीपॉयवर ठेवली आहे, आणि घरातली धाकटी सून रोज विचारते, आत ठेवू का. ठेवू नका, या गुरुवारी येतो, असं श्यामलानं सांगितलं. तो गुरुवार होऊन गेला.